बोटीचं स्टिअरिंग टाइट झालंय? नवीन केबल आणायच्या आधी हे करून बघा

दरवर्षी गणपतीच्या आसपास आमच्या मालवणजवळच्या देवबागात एकच ओरड ऐकू येते, व्हील फिरत नाय. मे अखेरीला बोटी वर ओढायच्या, ताडपत्री नाहीतर झाप टाकून शाकारायच्या आणि तीन महिने पाऊस बघत बसायचं. मग सप्टेंबर लागला की बोट पाण्यात ढकलली, मशीन एका किल्लीत सुरू झालं, सगळे खूश, आणि व्हीलला हात लावला तर ते इतकं घट्ट की दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. (आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाला आम्ही मशीनच म्हणतो, इथेही तसंच लिहितो.)

मग किनाऱ्यावर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, "चालव रे, चालवता चालवता मोकळं होतं." दोन, "केबल गेली, नवीन टाक." पहिला सल्ला ऐकून पॅसेंजर घेऊन बाहेर जाऊ नका, हे आधीच सांगतो. टाइट झालेली केबल जोर लावून फिरवत राहिलं की एक दिवस ती आतून तुटते, आणि तुटली की व्हील एकदम हलकं गरागरा फिरतं, बोट मात्र जायची तिकडेच जाते. कार्लीच्या खाडीत हे झालं तर लाज जाते एवढंच, पण खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या तोंडाशी लाटा फुटत असताना झालं तर काय होईल ते मी लिहायला नको.

दुसरा सल्ला मी स्वतः ऐकलेला आहे. पाच-सहा वर्षं झाली असतील, मी सरळ नवीन केबल मागवली, दोन दिवस डॅशबोर्डखाली पाठ मोडून ती बसवली, आणि व्हील फिरवलं तर होतं तसंच. जुनी केबल चांगली होती हे तेव्हा कळलं. शेवटी आमच्याकडचे एक जुने मेकॅनिक काका आले, त्यांनी मागे जाऊन लिंक रॉडचा एक नट काढला, मशीनला धरून ढकललं, ते जागचं हललं नाही. म्हणाले, "झिला, मशीनच हलना नाय, मगे व्हील कसा फिरतला?" एक नट काढायचं काम होतं आणि मी दोन दिवस आणि केबलचे पैसे घालवून बसलो होतो. तर हे सगळं लिहायचं कारण तेच, काय अडकलंय ते शोधा, मग पाना हातात घ्या.

आधी हे सगळं जोडलेलं कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. व्हीलच्या मागे डॅशबोर्डच्या आत गिअरचा एक डबा असतो, त्याला हेल्म म्हणतात. त्यातून एक जाड काळी केबल निघते, बोटीच्या कडेकडेने मागे मशीनपर्यंत जाते. केबलच्या शेवटाला स्टीलचा गुळगुळीत रॉड असतो, साधारण अंगठ्याएवढा जाड, तो मशीनच्या टिल्ट ट्यूबमधून आरपार जातो. टिल्ट ट्यूब म्हणजे मशीन वर-खाली करताना ज्या आडव्या नळीभोवती ते फिरतं ती नळी, पोकळ असते आणि बहुतेक मशीनमध्ये तिचं आतलं भोक ५/८ इंचाचं असतं. रॉडचं दुसऱ्या बाजूला बाहेर आलेलं टोक एका छोट्या लिंक रॉडने मशीनच्या पुढच्या स्टिअरिंग आर्मला जोडलेलं. आणि मशीन स्वतः डावी-उजवीकडे वळतं ते स्विव्हल ब्रॅकेटमधल्या उभ्या खिळीवर, जसा दरवाजा बिजागरीवर फिरतो तसं. म्हणजे अडकायच्या मुख्य जागा चार: हेल्म, केबल, टिल्ट ट्यूबमधला रॉड आणि स्विव्हल. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत टिल्ट ट्यूब आणि स्विव्हल हे दोघं जास्त वेळा अडकतात, केबल त्यानंतर, हेल्म सगळ्यात शेवटी. लोक मात्र नेमकं उलट्या क्रमाने खोलत जातात कारण व्हील समोर दिसतं ना.

खोलण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. स्टिअरिंग बोट उभी असतानाही टाइट आहे का, की फक्त स्पीडला टाइट होतं? उभी असताना टाइट असेल तर खाली लिहिलंय ते सगळं तुमच्यासाठी. फक्त पळताना जड होत असेल, तेही एकाच बाजूला, तर केबल बिबल काही खोलू नका, तो विषय वेगळा आहे, पुढे येतो. आणि मशीनच्या पुढे वायरिंग, पेट्रोलची नळी, गिअर-थ्रॉटलच्या केबली यांचा जो जुडगा बोटीत येतो तो बघा. कोणीतरी हौसेने झिप टाय मारून इतका आवळून ठेवलेला असतो की मशीन वळायला लागलं की जुडगाच त्याला मागे ओढतो. असं असेल तर एक झिप टाय कापला की काम झालं, हात काळे करायची पण गरज नाही. जुडग्याला मशीन दोन्ही बाजूला पूर्ण वळेल एवढी ढील हवी.

आता खरी टेस्ट. मशीन बंद, किल्ली काढून खिशात, बोट ट्रेलरवर किंवा वाळूत घट्ट. मशीन सरळ उभं ठेवा. मागे जाऊन लिंक रॉड स्टिअरिंग आर्मपासून सोडवा. नट नायलॉनवाले, सेल्फ लॉकिंग असतात, तेच पुन्हा वापरायचे नाहीत, म्हणून नवीन आधीच आणून ठेवा, मालवणात बोटीचं सामान ठेवणाऱ्याकडे नाही मिळाले तर गोव्यातून येणाऱ्या कोणाला तरी सांगा, पण साधा नट लावून वेळ मारून नेऊ नका, हा नट सुटला तर बोटीला स्टिअरिंगच राहत नाही. लिंक रॉड सुटला की मशीनच्या कव्हरला दोन्ही हात लावून ते डावी-उजवीकडे ढकला. चांगलं मशीन एका माणसाच्या हाताने एकसारखं फिरतं, मध्ये कुठे अडत नाही, करकर आवाज नाही. जड वाटलं किंवा अडकत अडकत फिरलं तर दोष स्विव्हलमध्ये. मोकळं फिरलं तर मशीन निर्दोष, आता पुढे जाऊन व्हील फिरवा. लिंक सुटलेला असूनही व्हील टाइट असेल तर दोष टिल्ट ट्यूब, केबल किंवा हेल्ममध्ये. बघा, एका नटात अर्धा प्रश्न सुटला.

आणि कधी कधी तिसरंच होतं, मशीनही मोकळं, व्हीलही मोकळं, जोडलं की टाइट. मग लिंक रॉडचे नट बघा. हा जोड थोडा हलता राहायला हवा, आपल्याकडे लोक पाना घेऊन जीव खाऊन आवळतात. मर्क्युरीच्या मॅन्युअलमध्ये केबलच्या रॉडकडच्या नटाबद्दल स्पष्ट आहे की नट बसेपर्यंत आवळायचा आणि मग पाव फेरी मागे घ्यायचा. नट नायलॉनचा असल्यामुळे पाव फेरी मागे घेतला तरी सुटत नाही, म्हणूनच तो तिथे दिलेला असतो. दुसऱ्या कंपनीचं मशीन असेल तर त्याच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते बघून घ्या.

स्विव्हल जड असेल तर. ब्रॅकेटवर ग्रीसचे निप्पल, म्हणजे ग्रीस आत भरायची छोटी तोंडं असतात, मॉडेलप्रमाणे एक किंवा दोन-तीन, कधी कधी मशीन वर टिल्ट केल्यावरच दिसतात. पुसून घ्या, वाळू चिकटलेली असते आणि ती ग्रीसबरोबर आत गेली तर नवीन दुखणं. ग्रीस गन लावून पंप मारा. नवीन ग्रीस आत गेलं की खालून-वरून जुनं बाहेर यायला हवं. आधी काळं-तपकिरी चिकट येईल, मग पाण्याचे थेंब मिसळलेलं दुधट, आणि मग स्वच्छ नव्या रंगाचं, स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. एकाने पंप मारायचा आणि दुसऱ्याने मशीन सावकाश डावी-उजवीकडे हलवत राहायचं, म्हणजे ग्रीस सगळीकडे पसरतं. एकट्याने करताना मी दहा पंप मारतो, मशीन हलवतो, परत दहा.

पंप मारला आणि ग्रीस निप्पलच्या बाजूनेच बाहेर आलं, आत गेलंच नाही, असं पुष्कळदा होतं. घाबरू नका, निप्पल काढा. निप्पल चहाच्या पैशात येतो, नवीनच टाका. काढल्यावर भोकात जुनं ग्रीस मेणासारखं कडक झालेलं दिसेल, तारेने टोकरून काढा, पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात शिरणारं पातळ तेल) सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत पंप. माझ्या त्या मशीनला हे तीन दिवस करावं लागलं. पहिल्या दिवशी बोटभर हललं, दुसऱ्या दिवशी निम्मं, तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हात मशीन चांगलं तापलेलं असताना पंप मारला तर खालून एकदम पचकन काळी वळी बाहेर आली, शेवेच्या सोऱ्यातून शेव पडावी तशी, आणि त्यानंतर मशीन एका हाताने फिरायला लागलं. मशीन ढकलायला लांब पाइप लावून तरफ बिरफ करू नका, ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं आहे, तडकलं तर खर्च केबलच्या कितीतरी पट. आठवडाभर प्रयत्न करूनही हललं नाही तर आतली बुशिंगं फुगलेली किंवा खिळी गंजलेली असणार, त्याला मशीन उतरवून खोलावं लागतं, ते जाणकाराकडेच द्या.

अजून एक, काही मशीनना स्टिअरिंग घट्ट-सैल करायचा एक स्क्रू किंवा लिव्हर असतो. तो हाताने दांडा धरून चालवणाऱ्यांसाठी आहे. व्हीलवाल्या बोटीत तो पूर्ण सैल हवा. कोणाच्या तरी पोराने खेळताना आवळून ठेवलेला असू शकतो, तेवढं बघून घ्या.

आता टिल्ट ट्यूब, आमच्याकडचा नंबर एक गुन्हेगार. होतं काय, रॉड स्टेनलेसचा, ट्यूब बऱ्याचदा साध्या स्टीलची, मध्ये ग्रीस. वर्षभर खारं पाणी उडत राहतं, ग्रीस धुऊन जातं नाहीतर वाळून खडखडीत होतं, ट्यूब आतून गंजते आणि गंज फुगून रॉडला आवळतो. पावसाळ्यात तीन महिने व्हील एकदाही फिरवलं नाही की मग विचारूच नका.

रॉड बाहेर काढायला केबल जिथे ट्यूबमध्ये शिरते तिथला मोठा नट सोडवायचा, बहुतेक बोटींत तो उजव्या बाजूला असतो. नट सुटला की केबल धरून रॉड सरळ रेषेत बाहेर ओढायचा. इथे जागेचा प्रॉब्लेम येतो, रॉड चांगला लांब असतो आणि बोटीची कड आडवी येते, त्यामुळे केबलच्या क्लिपा आधी सोडवून ढील घ्यावी लागते. केबल वाकवून रॉड तिरका काढायचा प्रयत्न केलात तर रॉड वाकेल, आणि वाकलेला रॉड परत कधीच नीट चालत नाही.

निघत नसेल तर ट्यूबच्या दोन्ही टोकांना पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि घरी जा. खरंच घरी जा, कारण तेलाला आत शिरायला वेळ लागतो आणि माणूस तिथे उभा राहिला की त्याचा हात आपोआप हातोडीकडे जातो. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दिवस मारा. डब्ल्यूडी-४० ने गंज थोडा ढिला होतो, पण ते ग्रीसच्या जागी वापरायचं नाही, ते उडून जातं आणि जाताना उरलंसुरलं ग्रीसही पातळ करून नेतं. ट्यूब गरम केली तर फायदा होतो पण ब्लो लॅम्प पेट्रोलच्या मशीनजवळ पेटवायचा नाही म्हणजे नाही. मी किटलीभर उकळतं पाणी ट्यूबवर गुंडाळलेल्या फडक्यावर ओततो, दोन-तीन वेळा. मग लिंकच्या बाजूने रॉडच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून हलके हलके ठोका. थेट लोखंडी हातोडी रॉडवर मारलीत तर टोक खिळ्याच्या डोक्यासारखं पसरतं आणि मग तो ट्यूबमधून निघायचाच नाही. रॉड थोडा आत गेला की ट्यूबच्या भोकापेक्षा बारीक, अर्ध्या इंचाचा रॉड लावून पुढे ढकलत न्यायचा.

निघाला की बघा कसा दिसतो. आमच्या एका बोटीचा काढला होता तर त्यावर अर्धा भाग चकचकीत, अर्धा भाग तपकिरी खरखरीत, झाडाच्या सालीसारखा, आणि नखाने खरवडलं तर चॉकलेटी मेण निघत होतं. ते मेण म्हणजेच दोन वर्षांपूर्वी मोठ्या प्रेमाने भरलेलं ग्रीस. रॉडवर केरोसीन लावलेलं फडकं फिरवा, राहिलेलं हिरव्या स्क्रबरने घासून काढा, अगदीच असेल तर बारीक पॉलिश पेपर. रॉड गुळगुळीत झाला पाहिजे, बारीक खड्डे असतील तर केबल बदलायच्या यादीत टाका, कारण त्या खड्ड्यांत मीठ बसतं. रॉड सपाटीवर ठेवून लोळवून बघा, वाकडा असेल तर लगेच कळतं.

रॉडपेक्षा ट्यूब साफ करणं महत्त्वाचं, आणि लोक तेच विसरतात. रॉड चकचकीत करून गंजलेल्या ट्यूबमध्ये परत घातला तर महिन्याभरात पुन्हा तेच. बाटली धुवायचा तारेचा ब्रश काठीला बांधा, केरोसीनमध्ये बुडवून आरपार मागेपुढे करा, मग चिंधी. चिंधी पांढरी घ्या म्हणजे किती घाण निघते ते कळतं. आठ-दहा चिंध्या होतात. उजेडाकडे तोंड करून ट्यूबमधून डोळा लावून बघा, आतली भिंत एकसारखी दिसली पाहिजे. ट्यूबच्या तोंडाला ओ-रिंग किंवा सील असेल तर ती बदला, पाणी आत जायची वाट तीच आहे.

मग ग्रीस. मरीन ग्रीसच वापरा, पाण्याने न धुपणारं. ट्रकच्या बेअरिंगचं एपी-३ ग्रीस सगळ्यांच्या घरी असतं आणि मोह होतो, अडल्या वेळी चालेल, पण खाऱ्या पाण्यात ते मरीन ग्रीसएवढं टिकत नाही, सीझनमध्ये परत खोलावं लागेल. ग्राफाइटवालं काळं ग्रीस मात्र लावू नका, खाऱ्या पाण्यात ग्राफाइट आणि धातू एकत्र आले की गंज वाढतो. रॉडला पूर्ण लांबीभर लावा, ट्यूबच्या आत काठीने लावा, रॉड सरळ घाला, नट आधी हाताने फिरवा, आटे नीट धरले की मगच पाना. हे आटे बारीक आहेत, तिरके चढले की ट्यूबच बदलायची पाळी येते. मर्क्युरीवाले हा नट ३५ फूट-पाउंड आवळायला सांगतात, टॉर्क पाना नसेल तर घट्ट करा पण पान्यावर उभे राहू नका.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. टिल्ट ट्यूबला निप्पल असेल तर त्यातून ग्रीस भरायच्या आधी व्हील फिरवून रॉड ट्यूबच्या आत पूर्ण ओढून घ्यायचा. रॉड बाहेर असताना ग्रीस ठासून भरलं तर रॉडला परत आत यायला जागाच राहत नाही, ग्रीस काही दाबलं जात नाही, आणि स्टिअरिंग एका बाजूला भिंतीला टेकल्यासारखं थांबतं. म्हणजे मोकळं करायला गेलो आणि स्वतःच जाम करून आलो. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हा इशारा ठळक छापलेला असतो, पण मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवायची आपली पद्धत.

रॉड ट्यूबच्या बाहेर असतानाच व्हील फिरवून बघायला विसरू नका. लटकणारा रॉड आतबाहेर होताना व्हील दोन बोटांनी फिरलं तर केबल आणि हेल्म दोन्ही ठीक. तरीही टाइट असेल तर डॅशबोर्डखाली घुसा, केबल हेल्मपासून सोडवा, आणि हेल्म एकटं फिरवा. हेल्म मोकळं तर केबल गेली, इतकं सरळ आहे.

केबल बाहेरून पण ओळखू येते. काळं आवरण कुठे फुगलंय का, चिरलंय का, कुठे मुरगळलंय का बघा. फुगलंय म्हणजे पाणी आत जाऊन तार गंजलेली. केबलमध्ये तेल सोडून, एका टोकाला नरसाळं बांधून रात्रभर टांगून ठेवणारे लोक मला माहीत आहेत, मीही केलंय, चार दिवस बरं वाटतं. स्टिअरिंगची केबल दुरुस्त होत नाही, बदलायचीच असते. नवीन घेताना जुन्या केबलच्या आवरणावर नंबर छापलेला असतो, त्यात लांबी फुटात असते. पुसला असेल तर फक्त प्लास्टिकच्या आवरणाची लांबी मोजा, गोल हेल्मवाली असेल तर त्यात १८ इंच मिळवा आणि पुढचा पूर्ण फूट धरा. रॅकवाली असेल, म्हणजे डॅशबोर्डमागे आडवी लांब पट्टी असेल, तर ३० इंच. कमी लांबीची आणू नका, ती ताणून बसते, आणि फार जास्त लांबीची आणली तर ती कुठेतरी गुंडाळी करून ठेवावी लागते, ते पण टाइट होतं. वळणाची त्रिज्या ८ इंचांपेक्षा कमी नको, म्हणजे जेवणाच्या मोठ्या ताटाच्या कडेपेक्षाही मोठं वळण. हेल्म ज्या कंपनीचं त्याला बसणारीच केबल घ्या, दुकानदार "सगळ्याला बसते" म्हणाला तरी जुनी बरोबर नेऊन शेजारी धरून बघा.

घालायची सोपी युक्ती: जुनी केबल ओढायच्या आधी तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा, चांगली चिकटपट्टी मारा. केबल बाहेर आली की दोरी तिच्या जागी, मग दोरीला नवीन केबल बांधून परत ओढा. मी पहिल्या वेळी हे न करता केबल सरळ उपसून काढली होती, दोन दिवस पाठ मोडली ती त्यामुळेच.

हेल्मबद्दल फार नाही. गंजून खरखरत असेल, फिरवताना दातांवरून उड्या मारत असेल तर बदला. नो फीडबॅक प्रकारचं, म्हणजे मशीनची ओढ व्हीलपर्यंत येऊ न देणारं हेल्म असेल तर ते मुळातच थोडं जड लागतं, दुसऱ्याच्या बोटीशी तुलना करून उगाच खोलू नका.

आता पळताना एका बाजूला जड होणारं स्टिअरिंग. पंखा एकाच दिशेने फिरतो म्हणून मशीन एका बाजूला ओढतं, त्याला आवरायला पंख्याच्या वर, आडव्या प्लेटच्या खाली, माशाच्या परासारखा छोटा टॅब असतो. बोट उजवीकडे ओढत असेल तर बोल्ट सैल करून टॅबची मागची कड थोडी उजवीकडे करा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. थोडं थोडं करा, दरवेळी चालवून बघा. हा टॅब बऱ्याच मशीनमध्ये झिंकचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, स्वतः झिजून बाकीच्या मशीनला गंजापासून वाचवतो, त्यामुळे झिजून चिंगळीएवढा राहिला असेल तर त्याचा जोर कुठून येणार, नवीन टाका. आणि बोट रंगवताना त्यालाही रंग फासू नका, रंगवला की तो कामातून गेला. मशीन फार वर ट्रिम करून, म्हणजे पंखा वर उचलेल असं तिरकं करून पळवलं तरी ओढ वाढते, थोडं खाली घेऊन बघा.

ज्यांच्याकडे हायड्रॉलिक आहे, म्हणजे जाड केबलऐवजी दोन बारीक नळ्या आणि मशीनच्या पुढे सिलिंडर, त्यांनीही सुरुवात तीच करायची, सिलिंडर मशीनपासून सोडवा आणि मशीन हाताने ढकला. निम्म्या वेळा स्विव्हलच निघतो आणि बिचारं हायड्रॉलिक फुकट बदनाम होतं. ते मोकळं असेल तर सिलिंडरच्या दोन्ही बाजूंचे सपोर्टचे नट जास्त आवळलेत का, नळी कुठे दबलीय का बघा. व्हील टाइट नाही पण स्पंजसारखं लागतंय तर हवा शिरलीय, तेल भरून हवा काढायची. तेल कंपनी सांगेल तेच. ब्रेक ऑइल टाकलंत तर आतली सिलं खराब होतात.

सगळं जोडून झालं की जमिनीवरच व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवा आणि एकाला मागे उभं करून मशीन दोन्ही बाजूला सारखं वळतंय का बघायला सांगा. मग खाडीत, भरतीच्या पाण्यात, हळू स्पीडला, पॅसेंजर न घेता. दोन्ही बाजूंनी गोल मारा, मग स्पीड. परत आल्यावर केबलचा नट आणि लिंकचे नट हात लावून बघा, आठवड्याने परत एकदा. आणि बाहेर असताना कधी व्हील अडलंच तर स्पीड काढा, मशीन न्यूट्रल करा, नांगर टाका, मग काय ते. जोर लावून वळवत बसू नका.

पुढच्या मेमध्ये बोट वर घेताना टिल्ट ट्यूब आणि स्विव्हल गोड्या पाण्याने धुवा, सुकू द्या, रॉड आत ओढून ग्रीस भरा, बाहेर राहिलेल्या टोकावर पण ग्रीसचा थर द्या. मशीन सरळ उभं ठेवा, आणि आठ-दहा दिवसांनी एकदा व्हील पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. आमच्याकडे हे काम पोरांवर सोपवलंय, ताडपत्रीखाली घुसून व्हील फिरवायला त्यांना सांगावं लागत नाही, उलट दोघांत कोणाचा नंबर यावरून भांडणं होतात.